बागेतली विहीर

(फेब्रुवारी १९७९. नागपूर, रामदासपेठेतल्या मुलांच्या एका दवाखान्याचा मागचा व्हरांडा. दुपारचे दोन. बाकावर शामला आणि तिचे सासरे बापूजी. साडेतीन महिन्यांचं बाळ आत खोलीत झोपलेलं. मधूनमधून नर्स शोभाताई येते-जाते.)

बापूजी : हे पाह्य वं शामला, लंगोट अजून निळंच हाये. दोनदा धुतलं, रंग जाऊन नाही राहिला. आन् तू म्हनते पोट्टं बरं झालं.

शामला : तो औषधाचा रंग आहे, मामाजी. परवा शिरेतून जे इंजेक्शन दिलं ना, तेच निळं असतं. लघवीवाटे निघतंय.

बापूजी : पोट्टं निळं पडलं म्हनून निळंच औषध. डॉक्टरायचं काही समजत नाही.

शामला : त्याचे ओठ पाहा तुम्ही. मी दर अर्ध्या तासाला आत जाऊन पाहते. ओठ, नखं, कानाच्या पाळ्या. गुलाबी आहेत.

बापूजी : पाह्यले म्या. पन माह्या डोळ्यावर माह्याच भरोसा नाही राह्यला. सोमवारी सकाळी पाह्यलं तं जांभूळ खाल्ल्यावानी दिसत होते. मले वाटलं, दिव्याच्या काजळीचा हात लागला असन.

शोभाताई : बाबा, ते लंगोट कठड्यावर नका घालू वाळत, साहेब राऊंडले येतात. अन् निळ्याची फिकर सोडा. एक-दोन दिवस अजून येईल तसं, मग साफ. काल सात नंबरच्या आजीनं मलेच विचारलं, सिस्टर, त्या पोराले नीळ पाजली काय?

बापूजी : मंग? काय सांगतलं तुम्ही?

शोभाताई : म्हटलं, आजी, कपड्यांसोबत चुकून बादलीत गेला होता. हसली बिचारी, लई दिवसांनी हसली. बरं ऐका, खुशखबर आहे. साहेब म्हणाले, चार वाजता छुट्टी. साडेपाचची खाप्याची गाडी तुम्हाले आरामात भेटून जाईल.

बापूजी : भलं होवो तुमचं, बाई.

शोभाताई : मी कागद तयार करून आणते. तोवर ह्यांना चहा तरी पाजा, बाबा. तीन दिवसांपासून पाहून राहिली मी, बाकावर बसल्या बसल्या डोळा लागते अन् दचकून उठते. उठली का आधी पोराच्या नाकाजवळ हात.

बापूजी : ऐकलं ना वं? चाल, बांध सामान. तुही सासू दारातच बसून असन. माहा श्रीधर काल सांगत होता, दोन दिस तिनं धड चूल नाही पेटवली.

शामला : मामाजी, बसा जरा. मी आज येत नाही.

बापूजी : म्हंजे?

शामला : बाळाला घेऊन इथं नागपुरातच, महालात जाते, बाबांकडे.

बापूजी : जा ना. थकली हायेस. आठ दिस राह्य, पंधरा दिस राह्य. मी येईन घ्याले.

शामला : पंधरा दिवस नाही. वर्षभर.

बापूजी : वर्षभर.

शामला : तो वर्षाचा होईपर्यंत.

बापूजी : काहून? कोनी काही बोललं काय तुले? तुही सासू बोलली?

शामला : कोणी काही बोललं नाही. त्याच्या दुधाच्या पाण्याचं आहे. मला टायफॉइड होऊन दूध आटलं, तेव्हापासून तो डब्याच्या पावडरीवर आहे. पावडर पाण्यात कालवावी लागते.

बापूजी : त्या पान्याचं काय मंग? ते पानी तं म्या सोता आनलं. घरच्या विहिरीवर धा बाया धुनं धुतात, म्हनून बागेतून आनलं. माह्या बापानं खोदली ते विहीर. तळाचा गोटा दिसते तिच्यात. खाप्यापर्यंत जाऊन पाह्य, तिच्यापेक्षा गोड पानी भेटलं तं मले सांग.

शामला : माहीत आहे मला. रोज सकाळी खांद्यावर घागर घेऊन यायचात. आईंना हातही लावू देत नव्हतात. नातवाचं पाणी, म्हणायचात.

बापूजी : मंग?

शामला : चारुशीलाची चिठ्ठी आलीय सकाळी.

बापूजी : कोन, तुह्यासंगं कॉलेजात होती ते?

शामला : तीच. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत आहे ती आता. सोमवारी डॉक्टरांनी बाळाचं रक्त काढलं, मी शेजारी उभी होते. लाल नव्हतं, मामाजी. चॉकलेटसारखं होतं. त्यांनी लगेच विचारलं, विहिरीचं पाणी देता का. म्हणून मी ह्यांच्याकडून गावातून बाटल्या मागवल्या. तीन बाटल्या, वर नावाच्या चिठ्ठ्या लावून. त्याचा निकाल आलाय.

बापूजी : काय निघालं? जंतू?

शामला : जंतू नाहीत. नत्र आहे. खतातलं नत्र पाण्यात विरघळलं की त्याला नायट्रेट म्हणतात. चव नाही, वास नाही, रंग नाही. मोठ्या माणसाला कळतही नाही. पण तान्ह्या बाळाच्या पोटात गेलं की रक्ताला वारा धरून ठेवता येत नाही. मूल श्वास घेतं आणि आतून गुदमरतं. लिटरमागे पंचेचाळीस मिलिग्रॅमच्या वर बाळाला चालत नाही. आपल्या घरच्या विहिरीत नव्वद आहे.

बापूजी : आन् बागेत?

शामला : एकशे ऐंशी.

बापूजी : श्रीधर.

शामला : मामाजी—

बापूजी : थांब, मले बोलू दे. बारा वर्षांपासून बोंबलून राहिलो मी. लेका, हे गोनीतलं पांढरं खत नको टाकू, जमीन चेकाळते याच्यानं. तं मले म्हने, बाबा, तुम्ही जुन्या काळाचे. अर्धी बाग मागून घेतली माह्यापासून. सल्फेट टाक, युरिया टाक. आता पाह्य. सोताच्या पोराच्या तोंडात गेलं.

शामला : अर्धं त्यांचं आहे, मामाजी. बाकीचं अर्धं आपल्या शेणखताचं आहे.

बापूजी : शेनखताचं?

शामला : हो.

बापूजी : ए पोरी. शेनखतानं कोनाचं वाईट झालं आजपर्यंत? माह्या अर्ध्यात गोनीतला एक दाना नाही पडला तीस वर्षांत. कोनालेही इचार.

शामला : लग्न होऊन मी आले, त्या वर्षी दोन्ही अर्ध्यांतली माती तपासायला नेली होती. आठवतं?

बापूजी : आठवते म्हंजे. तो कागद माह्या पेटीत हाये. श्रीधरच्या अर्ध्यापेक्षा माह्या मातीत नत्र जवळपास दुप्पट. शेजारच्या शालिकरामले दाखवला, सावनेरच्या बाजारात चार लोकाले दाखवला. तूच तं वाचून दाखवला होता माजघरात. श्रीधरचं तोंड पाह्यासारखं झालं होतं.

शामला : मीच वाचला. तुमचा चेहरा इतका फुलला होता की मलाही बरं वाटलं, नव्या सुनेनं काहीतरी चांगलं आणलं घरात. पण पुढचा प्रश्न मी विचारलाच नाही. इतकं नत्र मातीत साठलंय, तर ते जातं कुठं?

बापूजी : झाडात जाते. संत्रा काय उगाच लागते एवढा?

शामला : झाड त्याच्या भुकेएवढंच घेतं. दर साली चाळीस गाड्या, तीस वर्षं. माती ते धरून ठेवते, पण कायमचं नाही. थोडं थोडं सोडत राहते. ह्यांचं सल्फेट टिकतच नाही, झाडानं घेतलं नाही की लगेच खाली जातं. तुमचं सावकाश जातं. पण दोघांचं जातं एकाच ठिकाणी. वर दोन हात काळी माती, खाली मुरूम. मुरूम म्हणजे चाळणी. आणि मधोमध विहीर.

बापूजी : तीस वर्षं तेच पानी पिऊन राहिलो मी. मले काही नाही झालं.

शामला : तुम्ही साडेतीन महिन्यांचे नाही आहात. हे लहान होते तेव्हा आईंच्या अंगावर पीत होते, विहिरीचं पाणी त्यांच्या पोटात गेलंच नाही. आणि सगळे महिने सारखे नसतात. आपण डिसेंबरात बाग ताणावर सोडली ना?

बापूजी : सोडलीच पाहिजे. महिना-दीड महिना तहानेली ठेवल्याबिगर आंबिया बहाराचं फूल नाही धरत झाड.

शामला : तेच म्हणते मी. त्या दीड महिन्यात झाड काही पीत नाही, पण मातीतलं खत कुजतच राहतं. नत्र मोकळं होऊन नुसतं बसून राहतं. मग संक्रांतीला तुम्ही ताण तोडला. आळी खणली, नवं खत भरलं, त्यांनी त्यांच्या बाजूला सल्फेट टाकलं, आणि इंजिन लावून तीन दिवस पाणी सोडलं.

बापूजी : चार दिवस.

शामला : चार. त्यानंतर आठवड्यानं मी माहेराहून बाळाला घेऊन आले. महालात नळाचं पाणी होतं तोवर त्याला सर्दीसुद्धा नव्हती.

बापूजी : म्हंजे म्या खत देल्लं, म्या पानी सोडलं, आन् म्याच घागर भरून आनली.

शामला : मी तसं म्हणत नाही.

बापूजी : तू कशाले म्हनशीन. मी म्हनून राहिलो.

शामला : तुम्ही एकटे नाही. मला एक सांगायचंय. ह्यांनाही अजून सांगितलं नाही.

बापूजी : सांग.

शामला : पहिल्यांदा त्याच्या ओठांवर काळपट छटा दिसली, तेव्हा मी घाबरले. वाटलं, पाण्यात जंतू असतील. मी पाच मिनिटं पाणी उकळायची, ती वीस मिनिटं उकळायला लागले. छटा वाढली तसा अर्धा तास. दोन पेले ठेवायचे, एक उरायचा. आई म्हणायच्या, किती लाकूड जाळते वं ही पोरगी. मला वाटायचं, मी काळजी घेते आहे.

बापूजी : घेतच होती.

शामला : मीठ घातलेलं पाणी आटवलं तर खारटपणा कमी होतो का, मामाजी?

बापूजी : नाही. वाढते.

शामला : हेही तसंच. पाणी उडून गेलं, नत्र खाली राहिलं. एकशे ऐंशीचं मी तीनशेच्या वर नेलं, माझ्या चुलीवर, माझ्या हातानं. रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी झाले मी. परीक्षेत हा प्रश्न आला असता तर पैकीच्या पैकी मार्क घेतले असते.

बापूजी : रडू नको. पाह्य, तो आत जागा होईन.

शामला : रडत नाही मी.

बापूजी : म्या आनलं, तू उकळलं. त्याच्यावर एवढा जीव कोनी केला नसन.

शामला : म्हणून मला आता जीव करायची भीती वाटते. आधी मोजायचं, मग द्यायचं, असं झालंय माझं.

बापूजी : मंग बंद करू. यंदापासून खत बंद. माह्या अर्ध्यातलंही, श्रीधरच्या अर्ध्यातलंही.

शामला : बंद नको, झाडं मरतील. मोजून द्या, झाड घेईल तेवढंच, दोन-तीन हप्त्यांत. पण तेवढ्यानं विहीर लगेच साफ होत नाही. तीस वर्षांचं मातीत आहे. आज हात आवरला तरी ते उतरत राहणार.

बापूजी : किती वर्षं?

शामला : चारुशीला म्हणते, सात-आठ. जास्तही लागतील. नक्की कोणी सांगू शकत नाही.

बापूजी : तवा हे पोट्टं शाळेत जाईन पाटी घेऊन.

शामला : तो वर्षाचा झाला की त्याचं अंग सोसायला लागेल. तोवरच जपायचं आहे. म्हणून म्हटलं, वर्षभर महालात.

बापूजी : माह्या घरात दहा वर्षांनी पाळना हालला, शामला. दोन्ही पोरींचं लगन झालं, घर खाली झालं होतं. आता सकाळी उठलो का आधी त्याच्यापाशी जातो. माह्याकडं पाहून पाय झाडते तो.

शामला : मला दिसत नाही का ते?

बापूजी : मी नदीचं आनीन. बैलगाडीवर डरम बांधून कन्हानचं आनीन रोज.

शामला : दोन कोस जायचं, दोन कोस यायचं. आज आणाल, उद्या आणाल. चैत्रात नदी तुटते, डोहांत गुरं बसतात. त्याची हगवण झाली तर मी पुन्हा ह्याच बाकावर. आणि एखाद्या दिवशी गाडी नाही आली, तर आई काय करतील? बागेतलंच घालतील. म्हणतील, एक दिवसानं काय होतं.

बापूजी : घालीन खरं ते. तिचा इश्वासच नाही बसनार यावर.

शामला : म्हणून पाणी जवळचं पाहिजे. रोजचं.

बापूजी : तू तीन बाटल्या म्हनली होती. घरची एक, बागेतली एक. तिसरी कोनती?

शामला : तिसरीत बारा निघालं.

बापूजी : एकशे बारा?

शामला : नुसतं बारा. बाळाला बिनधास्त चालेल असं. आपल्या घरापासून पाच मिनिटांवर.

बापूजी : मंग सांगत काहून नाही? कोनाची विहीर?

शामला : कवडूची. वरच्या बरडावरची.

बापूजी : तिथून बाटली भराले कोनी सांगतलं श्रीधरले?

शामला : मी.

बापूजी : त्या विहिरीवर आपल्या घरची घागर गेली नाही कधी. माह्या बापाच्या काळात नाही, माह्या काळात नाही.

शामला : माहीत आहे. म्हणूनच तिसरी शेवटी सांगितली.

बापूजी : त्याच्याच विहिरीत काहून नाही निघालं ते? पानी तं एकाच गावचं.

शामला : त्याचं वावर चढावर आहे, आपल्या बागेचं पाणी वर चढत नाही. आणि त्याच्या जमिनीत काही पडलंच नाही कधी. ना गोणीतलं, ना शेण.

बापूजी : गरीब मानूस. कोठून टाकीन?

शामला : दोन म्हशी आहेत त्याच्याकडे, एक बैलजोडी आहे. शेण होतं त्याच्याकडेही. ते कुठं जातं, मामाजी?

बापूजी : आपल्या खड्ड्यात येते. त्याच्या बदल्यात कडबा देतो मी त्याले. चारा नाही त्याच्यापाशी.

शामला : मागच्या साली उन्हाळ्यात तो ओसरीखाली उभा होता, मी आत भाजी निवडत होते. म्हणाला, मालक, यंदाचं शेण माह्याच वावरात टाकू काय, कपाशी गुडघ्याच्या वर येत नाही. तुम्ही काय म्हणालात?

बापूजी : म्हटलं, काहून गा, मंग कडबा कोन देईन तुले.

शामला : त्याची जमीन उपाशी राहिली म्हणून त्याचं पाणी चांगलं राहिलं. आणि आपली जमीन जेवण जाईना इतकी जेवली. तीस वर्षं त्याच्या गोठ्यातलं शेण आपल्याला चाललं, त्याच्या टोपल्यातलं, त्याच्या हातानं भरलेलं.

बापूजी : शेन वेगळं, पानी वेगळं.

शामला : विहिरीत उतरल्यावर वेगळं राहिलं नाही.

बापूजी : तू कॉलेज शिकली, तुले सोपं हाये. मले त्या गावात राहाचं हाये. तुही सासू ते पानी उंबऱ्याच्या आत नाही येऊ देनार.

शामला : म्हणून तर महालात जाते म्हटलं. मी भांडत नाही, मामाजी. आईंना दुखवायचं नाही मला. पण आता त्याच्या तोंडाला मी अंदाजानं काही लावणार नाही. एक तर नळाचं पाणी, नाही तर कवडूचं. तिसरं नाही माझ्याकडे.

बापूजी : श्रीधर गेला तवा काही बोलला काय कवडू?

शामला : ह्यांना बाहेरच थांबवलं त्यानं. म्हणाला, भाऊ, तुम्ही काठावर नका येऊ, लोक पाहतील, बापूजीचं नाव खराब होईल. मी भरून देतो. बाळाच्या आजारासाठी पाणी तपासायचंय म्हटल्यावर बाटली तीनदा विसळली त्यानं. आणि विचारलं, लेकरू दूध घेते काय आता?

बापूजी : असं इचारलं?

शामला : हो.

बापूजी : म्या तं त्याच्या नातवाचं नावही नाही इचारलं कधी. दिवाळीत झाला म्हने.

शोभाताई : झालं काय तुमचं? हा घ्या कागद. बाबा, इथं सही करा, पालक म्हणून. अन् एक गोष्ट. साहेबांनी निक्षून सांगितलं आहे, बाळाले पाणी कुठचं देणार ते लिहून घे, त्याशिवाय सोडू नको. बाई, महालातला पत्ता लिहू ना?

शामला : लिहा. महाल, नळाचं—

बापूजी : थांबा बाई.

शोभाताई : काय झालं, बाबा?

बापूजी : लिहा, कवडूची विहीर.

शोभाताई : कवडू कोण? तुमच्या घरचे?

बापूजी : घरचा नाही. गावचा. लिहा तुम्ही. बरडावरची विहीर, कवडूची.

शोभाताई : आडनाव?

बापूजी : आडनाव... शामला, त्याचं आडनाव काय वं?

शामला : मला नाही माहीत, मामाजी.

शोभाताई : राहू द्या, एवढं पुरे आहे. तपासलेलं आहे ना पाणी? बस्स. करा सही. मी बाळाले गुंडाळून आणते, बाहेर वारा आहे.

शामला : मामाजी, आई काय म्हणतील?

बापूजी : म्हनन ते काही दिवस. जेवाले नाही वाढनार. मी चुलीपाशी बसून समजावून सांगीन, जसं तू मले सांगतलं. तो मिठाचा दाखला देईन, तो लवकर समजते.

शामला : आणि गाव?

बापूजी : गावाले कागद दाखवीन. नत्राचा कागद दाखवत फिरलोच होतो, आता हा दाखवीन. आन् शेन यंदापासून त्याचं त्याच्याच वावरात. कडबा तं तसाही देईनच मी. पन त्याले सांगजो वं, मोजून टाक म्हना. नाही तं त्याच्याही विहिरीचं आपल्यावानी होईन.

शामला : सांगेन. पण पाणी मागायला मी किंवा हे जाऊन नाही चालणार.

बापूजी : ते समजते मले. घागर म्याच आनत होतो ना. आताही म्याच आनीन.

शामला : चला, गाडीची वेळ होईल.

बापूजी : खाप्याले उतरलो का बाजारात दोन मिनिटं थांबू. नवा दोर घ्या लागन, बागेतला दोर त्याच्या विहिरीत नाही सोडाचा. बरडावर पानी खोल असन. किती हात घ्याव वं?

शामला : ते कवडूलाच विचारावं लागेल.